आपल्या माणसांचे भय

माणूस माणसाशी भेदभावाने का वागतो, या प्रश्नाची चार उत्तरे आपल्या समाजात रूढ आहेत. पहिले अज्ञानाचे. माणसाला शिकवा, म्हणजे तो शहाणा होईल, असे ते सांगते. दुसरे धर्माज्ञेचे. पोथीत लिहिले आहे म्हणून माणूस तसा वागतो, पोथी बाजूला सारा म्हणजे झाले. तिसरे स्वार्थाचे. एकाला खाली ठेवल्याने दुसऱ्याचे पोट भरते. आणि चौथे द्वेषाचे. परक्याविषयी तिटकारा वाटणे हा मनुष्यस्वभावच आहे, असे मानून ते हात झटकते. ही उत्तरे सर्वस्वी खोटी आहेत असे आम्ही म्हणत नाही. प्रत्येकात सत्याचा काही अंश आहे, म्हणूनच ती इतकी वर्षे टिकली. परंतु न्यायालयात ज्याप्रमाणे एखादा सिद्धान्त कितीही सुबक असला तरी पुराव्याच्या कसाला उतरल्यावाचून ग्राह्य धरत नाहीत, त्याप्रमाणे या उत्तरांचीही पुराव्याशी गाठ घालून पाहिली पाहिजे. त्यासाठी आम्ही एक लहानसे पुस्तक निवडले आहे. ते म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’.

हे लिखाण इंग्रजीत आहे आणि विस्ताराने एखाद्या दीर्घ निबंधाएवढेच आहे. ते बाबासाहेबांच्या हयातीत प्रसिद्ध झाले नाही. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने ते १९९० मध्ये पुस्तिकारूपाने छापले आणि पुढे १९९३ मध्ये महाराष्ट्र शासनाने काढलेल्या त्यांच्या समग्र लेखनाच्या बाराव्या खंडात त्याचा समावेश झाला. या उशिराचा एक परिणाम असा झाला की, मराठी वाङ्मयाच्या चर्चेत या पुस्तिकेला तिची जागा मिळाली नाही. दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ साली आले, लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ १९८० साली आले आणि दलित आत्मकथनाची परंपरा तेथून मोजण्याची रीत पडली. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ लिहिले गेले त्याच्या कितीतरी आधी, पण ते वाचकांच्या हाती पडले नंतर. शिवाय ते इंग्रजीत. म्हणून आमच्या समीक्षकांनी त्याला चरित्राचे साधन मानले आणि चरित्रकारांच्या स्वाधीन केले. आमच्या मते हा अन्याय आहे. भेदभावाच्या कारणांचा इतका निर्मळ पुरावा मांडणारे दुसरे लिखाण आम्हांस ठाऊक नाही.

पुस्तिकेची रचना सहा प्रकरणांची आहे. पहिली चार बाबासाहेबांच्या स्वतःच्या अनुभवाची, उरलेली दोन इतरांच्या. अस्पृश्यता आहे हे परदेशीयांना ऐकून माहीत असते, पण ती प्रत्यक्षात कशी चालते हे त्यांच्या ध्यानात येत नाही. म्हणून प्रसंगच सांगावेत, असा लेखकाने आरंभी खुलासा केला आहे. ज्याला काहीच गृहीत धरता येत नाही अशा वाचकासाठी लिहिल्यामुळे या गद्याला एक विलक्षण शिस्त आली आहे. कोणत्या स्थानकावर उतरलो, कोणाला काय विचारले, त्याने काय उत्तर दिले, किती पैसे मागितले, किती वाजले होते, हे सारे क्रमाने येते. विशेषणे थोडी आहेत आणि आक्रोश तर जवळजवळ नाहीच. ही एका बॅरिस्टराची जबानी आहे. चांगला साक्षीदार जे पाहिले तेवढेच सांगतो, प्रतिपक्षाच्या मनात काय होते याविषयी तर्क करीत बसत नाही. मात्र प्रतिपक्ष जे बोलला ते शब्द तो विसरत नाही. या पुस्तिकेचे खरे धन ते शब्दच आहेत. भेदभाव करणारा माणूस त्या क्षणी स्वतःच्या वागण्याचे काय कारण देतो, हे येथे जसे नोंदले गेले आहे तसे सिद्धान्ताच्या ग्रंथांत सापडत नाही.

पहिला प्रसंग १९०१ मधला. वडील गोरेगावला नोकरीवर होते, मुले साताऱ्याला. सुटीत त्यांना भेटण्यासाठी नऊ-दहा वर्षांचा भीमराव, त्याचा भाऊ आणि बहिणीची मुले आगगाडीने निघून मसूर स्थानकावर उतरली. न्यायला कोणी आले नव्हते. मुलांचे कपडे नीटनेटके, बोलणे चांगले. स्टेशनमास्तराने आपुलकीने विचारपूस केली. तुम्ही कोण, या प्रश्नाचे उत्तर मिळताच त्याचा चेहरा पालटला आणि तो तेथून निघून गेला. काही वेळाने तो परत आला आणि त्यानेच गाडीवानांशी मुलांच्या वतीने बोलणे केले, हेही लेखकाने प्रामाणिकपणे नोंदले आहे. एकही गाडीवान दुप्पट भाड्यालाही तयार होईना. अखेर तोड निघाली ती अशी की, भाडे दुप्पट द्यावे, गाडी मुलांनी हाकावी आणि गाडीवानाने बाजूने चालावे. एका माणसाने दुप्पट पैसे घेऊन स्वतःच्याच गाडीबरोबर पायपीट केली. जवळ खायला होते, परंतु प्यायला पाणी मिळेना. टोलनाक्यावर मुसलमान असल्याचे सांगून पाहिले, तरीही मिळाले नाही. मुले उपाशीच झोपली.

दुसरा प्रसंग १९१७ मधला, आणि आमच्या वडोदऱ्याच्या वाचकांनी तो मुद्दाम वाचावा असा आहे. सयाजीराव महाराजांनी दिलेल्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब १९१३ मध्ये अमेरिकेला गेले होते. कराराप्रमाणे संस्थानची नोकरी करण्यासाठी ते वडोदऱ्यास आले. राजा उदार, अस्पृश्यांच्या मुलांसाठी शाळा उघडणारा. राजधानीत मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या नांदत असलेली. आणि कोलंबिया विद्यापीठातून शिकून आलेल्या या अधिकाऱ्याला त्या नगरीत राहायला एक खोली मिळेना. अखेरीस एका पारशी धर्मशाळेच्या वृद्ध रखवालदाराने त्यांना पारशी नाव लावून ठेवून घेतले. दिवसाला दीड रुपया त्याला मिळत होता, आणि जागा रिकामी राहण्यापेक्षा ते बरे होते. सरकारी बंगल्यासाठी केलेला अर्ज दरम्यान एका अधिकाऱ्याकडून दुसऱ्याकडे फिरत राहिला. अकराव्या दिवशी सकाळी डझनभर पारशी गृहस्थ हातांत काठ्या घेऊन जिन्यावर आले आणि संध्याकाळच्या आत जागा सोडण्याचे त्यांनी बजावले. आठवडाभराची मुदतही नाकारली.

यानंतर जे घडले ते आमच्या मते साऱ्या पुस्तिकेचा गाभा आहे. बाबासाहेबांना वडोदऱ्यात दोन मित्र होते, एक हिंदू, दुसरा ख्रिस्ती. ते प्रथम हिंदू मित्राकडे गेले. मित्र सज्जन होता. हकीकत ऐकून तो संतापला, त्याला वाईट वाटले. मग तो म्हणाला की, तुम्ही माझ्या घरी आलात तर माझे नोकर निघून जातील. बाबासाहेब समजायचे ते समजले. ते ख्रिस्ती मित्राकडे गेले. त्याने सांगितले की, पत्नी उद्या येणार आहे, तिला विचारावे लागेल. हे कुटुंब मूळचे ब्राह्मण. पती मनाने उदार झाला होता, पत्नी मात्र जुन्या वळणाची राहिली होती, हे मागाहून कळले. तेव्हा बाबासाहेबांनी मुंबईची गाडी धरण्याचे ठरवले. गाडी रात्री नऊची होती. मधले पाच तास त्यांनी शहराबाहेरच्या कमाठी बागेत बसून काढले. आज ती बाग सयाजी बाग म्हणून ओळखली जाते आणि तेथील एका जागेला संकल्पभूमी म्हणतात. पुस्तिकेत मात्र संकल्पाची भाषा नाही. कधी सुन्नपणे, कधी आईवडिलांच्या आठवणीने व्याकूळ होऊन बसलेला एक तरुण तेवढा तेथे दिसतो.

आता आरंभीच्या चार उत्तरांची या पुराव्याशी गाठ घालू. अज्ञानाचे उत्तर येथे टिकत नाही, कारण दोन्ही मित्र सुशिक्षित होते, आणि जे घडले ते चूक आहे हे त्यांना पुरते कळत होते. धर्माज्ञेचे उत्तर अपुरे पडते, कारण पारशी धर्मात महार अस्पृश्य असल्याची आज्ञा नाही आणि ख्रिस्ती धर्मातही नाही. स्वार्थाचे उत्तर उलटे पडते. गाडीवानाला भाड्याची गरज होती, धर्मशाळेला भाडेकरूची गरज होती. नफा भेदभाव न करण्यात होता आणि तो त्यांनी नाकारला किंवा आडमार्गाने घेतला. द्वेषाचे उत्तर तर सर्वांत लंगडे. स्टेशनमास्तर मुलांशी प्रेमाने बोलत होता. हिंदू मित्र संतापला होता तो बाबासाहेबांवर नव्हे, त्यांच्यासाठी. तरी दार उघडले नाही.

मग दार कोणी लावले? दोघा मित्रांचे शब्द पुन्हा पाहावेत. एक म्हणतो, माझे नोकर जातील. दुसरा म्हणतो, पत्नीला विचारले पाहिजे. स्वतःच्या नावाने नकार कोणीच देत नाही. आणि त्या नोकरांना जाऊन विचारले असते, तर त्यांनी बहुधा आपल्या जातीच्या पंचांकडे बोट दाखवले असते. पंचांनी गावाकडे दाखवले असते. हा दोष असा हातोहात पुढे सरकत जातो आणि शेवटी कोणाच्याच दारात उतरत नाही. भेदभाव करणारा मनुष्य समोर उभ्या असलेल्या परक्याला भीत नाही. तो भितो आपल्या पाठीमागे उभ्या असलेल्या आपल्याच माणसांना. परक्याला घरात घेतले तर आपले लोक आपल्याला घराबाहेर काढतील, ही त्याची खरी धास्ती आहे. भेदभावाचे हे पाचवे कारण, आणि आमच्या मते बाकी चारांना बळ पुरवणारे कारण हेच आहे.

मराठी समाजाला याचा दाखला शोधायला दूर जावे लागत नाही. १८४९ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांना घर सोडावे लागले ते कोणा शत्रूमुळे नव्हे. शूद्रातिशूद्रांच्या मुलींना शिकवण्याचे काम थांबव, नाहीतर घर सोड, असे म्हणणारे गोविंदराव हे जोतीरावांचे जन्मदाते होते. आईवेगळ्या मुलाला त्यांनी वाढवले होते, शिकवले होते. त्यांचे मुलावर प्रेम नव्हते असे कोणताही चरित्रकार म्हणत नाही. पण भोवतालच्या लोकांचा दाब प्रेमापेक्षा भारी ठरला.

येथे एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. भय म्हटले की भिणाऱ्याविषयी कणव येते. काठ्या घेऊन आलेल्या त्या डझनभर गृहस्थांना कशाचे भय होते? भयाने माणूस दार लावील, काठी उगारील काय? याचे उत्तर पुस्तिकेच्या तिसऱ्या प्रकरणात आहे. सन १९२९. अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करण्यासाठी मुंबई सरकारने नेमलेल्या समितीचे सभासद म्हणून बाबासाहेब खानदेशात एका गावच्या बहिष्काराची चौकशी करायला गेले होते. परतताना चाळीसगावला उतरले. तेथील महारवाड्यातील लोकांना त्यांना टांग्यातून न्यायचे होते, पण महाराला बसवून टांगा हाकायला एकही टांगेवाला राजी होईना. टांगा भाड्याने द्यायला मात्र तो तयार होता, मसूरच्या गाडीवानाप्रमाणेच. तेव्हा टांगा हाकण्याची सवय नसलेल्या एका माणसाने लगाम हाती घेतला. पाहुण्याने पायी चालावे हे त्या लोकांच्या अभिमानाला पटले नाही. वाटेत मोरीच्या दगडावर चाक आदळले, बाबासाहेब फरसावर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. घोडा टांग्यासकट नदीत गेला. यावर लेखकाने काढलेला निष्कर्ष मोजक्या शब्दांचा आहे. टांगेवाला कष्टाची नोकरी करणारा गरीब माणूस, पण कोणत्याही अस्पृश्यापेक्षा, तो बॅरिस्टर का असेना, आपण वरचढ आहोत अशी त्याची खात्री होती.

त्या टांगेवाल्याच्या जवळ दुसरे काय होते? जमीन नाही, विद्या नाही, अधिकार नाही. आपल्या खाली कोणीतरी आहे, एवढीच त्याची मिळकत. जातिव्यवस्था ही एका मालकाची आणि एका गुलामाची गोष्ट नव्हे, ती पायऱ्यापायऱ्यांची उतरंड आहे आणि तळ सोडून प्रत्येक पायरीवरच्या माणसाला खाली पाहण्यासाठी कोणीतरी दिलेले आहे, हा विचार बाबासाहेबांनी पुढे वारंवार मांडला. वरच्याकडून झालेला अपमान खालच्याकडे पाहून विसरण्याची सोय या उतरंडीत आहे, म्हणून तिच्याविरुद्ध सगळे मिळून उठत नाहीत. या दृष्टीने पाहिले तर भय आणि अहंकार ही दोन निराळी कारणे राहत नाहीत. आपली पायरी ढळेल हे भय, आणि ती पायरी आपली आहे हा अहंकार. धर्मशाळेच्या जिन्यावर आलेली काठी दोन्हींतून उगवली होती.

बाबासाहेबांचा ‘कास्ट्स इन इंडिया’ हा निबंध ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठातील एका परिसंवादात वाचला गेला, म्हणजे वडोदऱ्याच्या प्रसंगाच्या जेमतेम दीड वर्ष आधी. जाती कशा पसरल्या याचे उत्तर देताना त्यांनी तेथे अनुकरणावर भर दिला आहे. वरच्या वर्गाने आपले दार लावून घेतले, त्याचे पाहून इतरांनी आपापली दारे लावली, आणि काहींना ती आपल्यावर लावलेली आढळली, असा त्याचा आशय आहे. निबंधात हा समाजशास्त्राचा सिद्धान्त आहे. पुस्तिकेत तोच सिद्धान्त कर्त्याच्या अंगावर आलेला दिसतो. पारशी समाज हिंदुस्थानात आला तेव्हा अस्पृश्यता घेऊन आला नव्हता. तो ज्यांच्या शेजारी राहिला त्यांच्याकडून ती त्याने घेतली, कारण शेजाऱ्यांच्या नजरेत प्रतिष्ठित ठरण्याचा तो मार्ग होता.

चौथ्या प्रकरणातही हेच. १९३४ मध्ये बाबासाहेब आपल्या सहकाऱ्यांसह तेव्हाच्या निजामी राज्यातील दौलताबादचा किल्ला पाहायला गेले. महिना रमजानचा होता. प्रवेशद्वाराजवळच्या हौदावर मंडळींनी प्रवासाची धूळ धुतली, तोच हौद बाटवल्याचा ओरडा करीत जमाव धावून आला. यावेळी जमाव मुसलमानांचा होता. तुमचा धर्म हेच शिकवतो काय, उद्या एखादा अस्पृश्य मुसलमान झाला तर त्याला या हौदाचे पाणी बंद कराल काय, असे बाबासाहेबांनी विचारले तेव्हा कोणी उत्तर दिले नाही. धर्म बदलला तरी शेजार बदलत नाही, आणि भेद शेजारातून येतो. गोमंतकीय वाचकाला याचे नवल वाटू नये. गोव्यातील ख्रिस्ती समाजात बामण, चार्दो, सुदिर हे भेद धर्मांतरानंतर चार शतके उलटूनही विसरले गेलेले नाहीत, आणि कोंफ्रारीत कोणाला स्थान असावे यावरून गावोगावी तंटे झालेले आहेत. क्रूस बदलला, पंगत तीच राहिली.

पाचव्या प्रकरणातील हकीकत बाबासाहेबांची नाही. काठेवाडातील एका अस्पृश्य शिक्षकाचे पत्र डिसेंबर १९२९ मध्ये गांधीजींच्या ‘यंग इंडिया’ पत्रात प्रसिद्ध झाले होते, ते येथे उद्धृत केले आहे. शिक्षकाची पत्नी बाळंत होऊन आजारी पडली. डॉक्टर वस्तीत यायला तयार नव्हता. गावातील प्रतिष्ठितांनी रदबदली केल्यावर आणि दोन रुपये फी ठरल्यावर तो आला, पण रोग्याला वस्तीबाहेर आणण्याच्या अटीवर. त्याने थर्मामीटर एका मुसलमानाच्या हाती दिला, मुसलमानाने तो नवऱ्याला दिला, नवऱ्याने बायकोला लावला, आणि त्याच क्रमाने तो परत गेला. दिव्याच्या उजेडात पारा पाहून डॉक्टरने न्यूमोनियाचे निदान केले. पुढे ती बाई दगावली. या डॉक्टरला विज्ञान येत होते. शरीराला जात नसते हे त्याला शिकवले गेले असणार, आणि निदानही त्याने केले. तरी काचेची ती नळी तीन हातांतून गेली. शिक्षणाने माणसाची बुद्धी पालटते, पण चार लोकांसमोर वागण्याचे धैर्य शिक्षण देतेच असे नाही. अज्ञानाच्या उत्तरावर भिस्त ठेवणाऱ्यांनी हे पान वारंवार वाचावे.

या पुस्तिकेशेजारी ठेवून वाचावी अशी एक मराठी कथा आहे. बाबुराव बागुल यांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा संग्रह १९६३ साली आला. त्यातील शीर्षककथेचा नायक रेल्वेच्या नोकरीसाठी गुजरातेत, सुरतेजवळच्या उधना येथे येतो आणि जात लपवून बिऱ्हाड मिळवतो. जोवर जात ठाऊक नाही तोवर सोबतचा कामगार त्याला मान देतो, त्याच्या विद्वत्तेपुढे नम्र होतो. जात कळताच मार बसतो, आणि त्याला सोडवतो तो आपली जात कधीही न लपवणारा दुसरा एक महार कामगार. वडोदऱ्याची धर्मशाळा आणि उधन्याचे बिऱ्हाड यांत सुमारे ४० वर्षांचे आणि एका राज्यघटनेचे अंतर आहे. दोन्हीकडे माणूस तोच राहतो, त्याच्याविषयीचा एक शब्द तेवढा कळतो, आणि कालचा आदर आज काठी होतो. बागुलांची भाषा तप्त आहे, बाबासाहेबांची थंड. पण कथेत एक गोष्ट अधिक आहे. ज्याला आपल्या माणसांचे भय नाही असा मनुष्य तीत आहे आणि तोच दुसऱ्याला वाचवू शकतो.

आता कायद्याकडे येऊ, कारण तो आमचा नित्याचा विषय आहे. घटनेच्या १७ व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली. १९५५ च्या कायद्याने तिचे आचरण दंडनीय ठरवले. १९७६ मध्ये त्याला नागरी हक्क संरक्षण अधिनियम हे नाव मिळाले. त्याच्या १२ व्या कलमात एक शहाणपण आहे. या कायद्याखाली गुन्हा ठरणारे कृत्य अनुसूचित जातीच्या व्यक्तीबाबत घडले असेल, तर ते अस्पृश्यतेच्या कारणानेच घडले असे न्यायालयाने गृहीत धरावे, तसे नसल्यास आरोपीने सिद्ध करावे, असे ते कलम सांगते. हेतू शोधायला गेले तर प्रत्येक जण नोकरांकडे, पत्नीकडे, शेजाऱ्यांकडे बोट दाखवील, हे विधिमंडळाने ओळखले होते.

पण हा कायदा बाहेर ठेवलेल्या माणसाचे रक्षण करतो. आत असलेला माणूस आपल्या जातीच्या धाकातून सुटावा यासाठी निराळा कायदा लागतो. मुंबई राज्याने १९४९ मध्ये जातिबहिष्कृत करण्याविरुद्ध असा कायदा केला होता. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मप्रमुखांनी त्याला आव्हान दिले आणि १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, धर्मसंप्रदायाच्या स्वातंत्र्याला बाध येतो म्हणून, तो अवैध ठरवला. पुढे महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा केला आणि तो २०१७ पासून अमलात आला. जातपंचायतीने आपल्याच माणसाला वाळीत टाकणे हा त्याने गुन्हा ठरवला. या कायद्याची चर्चा बहुधा पंचांच्या जुलमाच्या अंगाने होते. आमच्या दृष्टीने त्याचे महत्त्व त्याहून मोठे आहे. ज्याला वाळीत पडण्याचे भय उरणार नाही, त्याला दुसऱ्यासाठी दार उघडण्याची मोकळीक मिळेल. उलट २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, अहमदाबादच्या एका पारशी सहकारी गृहसंस्थेला सभासदत्व आपल्या समाजापुरते ठेवण्याची मुभा दिली, ती संघटनास्वातंत्र्याच्या आधारावर. लहान समाजाला आपली वस्ती टिकवाविशी वाटणे समजण्यासारखे आहे. परंतु आपल्या माणसांचीच वस्ती, हे तत्त्व मोठ्या समाजांनी आणि बलिष्ठ जातींनीही उचलले, तर कमाठी बागेतल्या बाकावर बसणाऱ्यांची संख्या वाढेल. या निर्णयाविषयी आमची चिंता एवढीच आहे.

पुस्तिकेतील उणिवाही सांगितल्या पाहिजेत. ती अपुरी वाटते. सहाव्या प्रकरणातील बोरसदच्या तलाठ्याची हकीकत संपते आणि लिखाणही थांबते, समारोप नाही. बाई येथे बोलत नाही. ख्रिस्ती मित्राची पत्नी आपल्याला केवळ पतीच्या सबबीतून भेटते, आणि तिचे म्हणणे तिलाच विचारले असते तर काय निघाले असते हे कळत नाही. घरातील सोवळ्याचा बोजा बाईवर टाकून पुरुषाने उदार राहायचे, ही आपल्याकडची जुनी सोय आहे. त्या सोयीची उलटतपासणी या जबानीत झालेली नाही.

अखेरचा मुद्दा. कारण सांगणे म्हणजे समर्थन करणे नव्हे. हिंदू मित्र भ्याला, हे त्याच्या वागण्याचे कारण झाले. त्याने ते दोषातून सुटत नाहीत, तो किंवा त्याचे नोकर. भयाची किंमत काय होती हेही पाहावे. नोकर गेले असते. चार दिवस स्वतः पाणी भरावे लागले असते, स्वतः स्वयंपाक करावा लागला असता, शेजारी कुजबुजले असते. एवढे सोसून एका विद्वान मित्राला छप्पर देता आले असते. १८६८ मध्ये जोतीरावांनी आपल्या घराचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला, तेव्हा त्यांना याहून अधिक सोसावे लागले होते, आणि त्यांनी ते सोसले. म्हणजे हे अशक्य नव्हते. भेदभाव टिकतो तो क्रूर माणसांच्या बळावर कमी, आणि नोकर जातील या विवंचनेत पडलेल्या भल्या माणसांच्या बळावर अधिक. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ वाचताना आपण स्वाभाविकपणे बागेत बसलेल्या तरुणाच्या बाजूने उभे राहतो. वाचून झाल्यावर एकदा त्या मित्राच्या उंबरठ्यावरही उभे राहावे. आपल्यापैकी बहुतेकांची जागा तेथेच आहे, आणि दाराची कडी आतून आपल्याच हाती आहे.